सुभेदारचं मागलं बाकडं

जळोची, बारामती
६ जानेवारी २०२५

ती. तात्या,
साष्टांग नमस्कार.

पुतणीचं पत्र आलं म्हणून दचकू नका, सगळं ठीक आहे. मागच्या महिन्यात फोनवर मी "तात्या, बरे आहात ना?" असं विचारत राहिले आणि तुम्ही "डाळिंबाला यंदा उठाव न्हाय" असं सांगत राहिलात. आई म्हणते, सोपानतात्यांशी फोनवर बोललं की तात्यांना सोडून सगळ्या शेळगावाला ऐकू जातं. तेव्हा पत्रच बरं.

काम असं आहे. तुमच्या दारातली पांढरी 'सुभेदार' मी ज्या कंपनीत नोकरी करते तिचीच, हे तुम्हाला माहीत आहे. मी तिथे गाडीचं आतलं काम आखते. म्हणजे सीटा, पट्टे, माणूस कुठे आणि कसा बसेल ते. सुभेदार बाजारात येऊन अठरा वर्षं झाली. मधल्या काळात दिवे बदलले, स्टिकर तर कितीदा बदलले. पण सांगाडा आणि बैठक तीच. आता कंपनीपुढे प्रश्न आहे की गाडी नव्यानं घडवायची का, आणि घडवायची तर कधी. म्हणून ग्राहकांशी बोलायला मला काही महिने बारामतीत पाठवलंय. आपल्याकडे ऊस लावावा तशा सुभेदार गाड्या लावल्यात. साहेब म्हणाले, "तू तिथलीच आहेस, लोक तुझ्याशी खरं बोलतील." साहेब वाढले मुंबईत.

तर तात्या, सांगा. सुभेदारमध्ये काय आवडतं, काय खटकतं? कोण कुठे बसतं? काकीलाही विचारा. घाई नाही, पण सावकाशीही नको.

तुमची,
रोहिणी

—

शेळगाव, ता. इंदापूर
१५ जानेवारी २०२५

चि. रोहिणी,
तात्याचा आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ पत्रातच घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पयल्यांदा वाटलं, कानाचा रोग डोळ्यात उतरला. सुभेदार बदलायची? कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?

अगं, सुभेदार म्हंजे नुसती गाडी न्हाय. ती पांढरी, उंच, चौकोनी गाडी लांबनं दिसली की माणूस आपसूक रस्त्याच्या कडंला हुतो. आत कोण हाय ते मागनं बघतो. मांडवाम्होरं उभी केली की यजमान धावत येतो. परवा बारामतीत चौकात एका पोलिसानं मला सलाम ठोकला. मी बी ठोकला. त्याला वाटलं मी कुणीतरी हाय, मला वाटलं त्याला ते कळलंय. ह्यात कुणाचं काय नुकसान झालं?

आन अठरा वर्सं बदलली न्हाय, हेच तर तुमच्या कंपनीचं उपकार. माझी जुनी सुभेदार आन नागेशरावानं आत्ता दसऱ्याला घेतलेली कोरी सुभेदार, दोन्ही धुऊन उभ्या केल्या की सारख्याच. हीच खरी लोकशाही. मार्चात आमच्या दूध संस्थेची निवडणूक हाय. चेअरमनपदाला एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं नागेशराव. तुमी आता नव्या रूपाची गाडी काढली तर तो सकाळी घेईल आन दुपारपास्नं माझी गाडी 'जुनी सुभेदार' हुईल. गाडी जुनी झाली की माणूस माजी हुतो, रोहिणी. हे तुमच्या कॉलेजात शिकवत न्हाईत.

तवा साहेबाला निरोप दे. निवडणुकीआधी गाडी बदलू नका. निवडणुकीनंतर बी बदलू नका, कारण मग पुढली निवडणूक येती.

खटकतं म्हणशील तर एकच. म्होरल्या काचेवर 'चेअरमन' लिहायला जागा कमी पडती. आन हॉर्नमधे दम न्हाय, मला सुद्धा ऐकू येत न्हाय.

कोण कुठं बसतं? गाडी आमचा गोकुळ चालवतो. त्याच्या शेजारी मी. मधल्या सीटवर माणसं. मागल्या बाकड्यावर बाया, पिशव्या आन आहेराचं सामान. काकीला इचारलं न्हाय. तिला गाडीतलं काय कळतंय? शिवाय तिचा उजवा हात पलास्तरात हाय. घरातच उंबऱ्याला अडकून पडली. बरी हाय, काळजी करू नको.

तुझा,
तात्या

—

जळोची, बारामती
२ फेब्रुवारी २०२५

ती. तात्या,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. 'गाडी जुनी झाली की माणूस माजी होतो' हे वाक्य त्यांनी उतरवून घेतलं. आता ते सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगतात.

परवा इथल्या एका हॉटेलात आमची बैठक झाली. पुण्याहून तीन साहेब आले होते; एक विक्रीचे, एक हिशेबाचे, एक गाडीच्या रूपाचे. विषय एकच, सुभेदार कधी बदलायची. विक्रीचे साहेब म्हणाले, "खपतेय तोवर हात लावायचा नाही." मी विचारलं, "आणि खप थांबला की?" हिशेबाचे साहेब म्हणाले, "तेव्हा बदलायला पैसे कुठून आणणार?" म्हणजे गाडी चालतेय तेव्हा गरज नाही आणि चालेनाशी झाली की ऐपत नाही. हे सगळ्यांना एकदम पटलं आणि चहा आला. चहानंतर रूपाचे साहेब म्हणाले, तोंडावरची जाळी आणखी मोठी करू, गाडी रागीट दिसली पाहिजे. मग राग कितपत असावा यावर जेवणापर्यंत चर्चा झाली.

जेवणानंतर मी माझं चित्र मांडलं. तात्या, सुभेदारच्या पाठीमागे समोरासमोर दोन आडवी बाकडी आहेत ना, माझं भांडण त्यांच्याशी आहे. त्यांना पट्टा नाही, डोक्यामागे आधार नाही. ब्रेक लागला की आडवा बसलेला माणूस थेट फेकला जातो. ती काढून तिथे दोन सरळ सीटा द्यायच्या, पट्ट्यासकट. गाडी बदलायची ती यासाठी, आणि आत्ताच.

विक्रीच्या साहेबांनी विचारलं, "एका तरी ग्राहकाची तशी तक्रार आहे?"

नाही. एकही नाही. मी घरोघर फिरते. मी पुरुषमंडळींना विचारते, "मागे बसायला कसं वाटतं?" ते म्हणतात, "झकास." मी विचारते, "तुम्ही कधी बसलात?" ते म्हणतात, "मी कशाला बसू?" बसणाऱ्या बायका तेव्हा आत माझ्यासाठी चहा टाकत असतात. आमच्याकडे पैसे देतो त्याला ग्राहक म्हणतात. मागे बसणाऱ्याला आमच्या आकडेमोडीत 'वजन' म्हणतात. वजनाची तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची ते ठरलेलं नाही.

एक विचारू? काकी उंबऱ्याला अडकून पडली म्हणता. नवं घर बांधलंत तेव्हा फरशी सलग हवी म्हणून तुम्हीच उंबरे काढून टाकलेत ना? दिवाळीत मला कौतुकानं दाखवलं होतंत. मग ती पडली कशाला अडकून?

तुमची,
रोहिणी

—

शेळगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणी,
आशीर्वाद.

उंबरा न्हाय तर पायरी हुती. गोठ्याची. तू गाडीच्या चौकशीला आलीस का घराच्या?

आन बाकड्याला हात लावायचा न्हाय. बाकडं म्हंजे सुभेदारचा जीव. मागं कायद्यानं चार बसत्यात, मायेनं आठ. प्रचाराला निघालो की मागनं आठ माणसं उतरत्यात, गावाला वाटतं तात्याच्या मागं फौज हाय. तुझ्या त्या दोन सरळ सीटांवर दोनच उतरतील. दोन माणसं मागं असली तर पुढारी दिसत न्हाय, आजारी माणूस दिसतो.

आता आनंदाची बातमी. बारामतीच्या शोरूमवाल्यांनी २३ तारखेला 'सुभेदार ग्राहक मेळावा' ठेवलाय. तुमचा मोठा साहेब पुण्यावनं येणार. आन समद्या ग्राहकांच्या वतीनं बोलणार कोण? तुझा तात्या. फेटा, शाल, नारळ. नागेशरावाला बी आवतन हाय, पर खुर्चीत बसून ऐकायचं.

भाषण लिहून तयार हाय. 'सुभेदार हाय तशी ठेवा, तिच्या केसाला धक्का लावू नका.' गोकुळला म्हणून दाखवलं, त्यानं स्टेरिंग सोडून टाळ्या वाजवल्या. तू म्होरल्या रांगेत बस, म्हंजे साहेबाला कळू दे कुणाची पुतणी हाय ते.

तात्या

—

शेळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीला सारजाकाकीचा आशीर्वाद.

हात पलास्तरात हाय म्हणून ही चिठ्ठी आमच्या शेजारची बिबीजान लिहिती. मी सांगती, ती लिहिती. बांगड्यांचं दुकान बंद करून आलीया बिचारी. मधी मधी तिचं बी एखादं वाक्य घुसंल, ते वळखून घे.

ह्यांना आलेलं तुझं पत्र दिवाणावर पडलं हुतं. बिबीजाननं वाचून दाखवलं. तू लिहिलंस, बायकांना कुणी इचारत न्हाय. मला कुणी इचारलं न्हाय, खरं हाय. आता तूच इचारतीस तर सांगती.

डिसेंबरात सांगवीला साखरपुडा हुता. येताना पुढं गोकुळ आन हे, मधी दूध संस्थेचे तिघं मतदार. मागं मी आन तुझी ठमाबाई आत्या, पायाशी फळांच्या करंड्या. बारामती सोडली आन म्होरं उसाची ट्रॉली आडवी आली. गोकुळनं ब्रेक दाबला. ठमाबाईनं खिडकीची दांडी धरली हुती म्हणून ती राहिली. मी मधल्या सीटच्या लोखंडावर जाऊन आदळले. हात कोपरात मोडला. मी वरडले, रोहिणी. लई वरडले. ठमाबाई बी वरडली. मधल्या तिघांनी मागं बघितलं आन म्हणले, "लागलं का वैनी?" ह्यांना ऐकूच गेलं न्हाय. हे संस्थेचं बोलत हुते. मधल्यातल्या एकानं खांदा हलवून सांगतोस्तवर हे दुधाच्या फॅटवर बोलत हुते.

दवाखान्यात हे मऊ पडले. पाणी पाजलं, रात्रभर बसले. पर सकाळी म्हणले, "सारजे, गाडीत पडलीस म्हणू नको. नागेशराव म्हणंल, बायकू सांभाळता येईना, संस्था काय सांभाळणार. उंबऱ्याला पडलीस म्हण." मी म्हणलं, बरं. आपल्याकडं उंबरा न्हाय हे दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाय.

(ही मी, बिबीजान. सोपानभाऊ वाईट न्हाईत. पर मी असते तर त्यांच्या कानाला धरून सांगितलं असतं.)

तू इचारलंस काय बदलायला पायजे. पोरी, लग्न झाल्यापास्नं बारामतीचा रस्ता मी आडवाच बघितलाय. झाडं बाजूनं पळताना दिसत्यात, गाव आलं ते उतरल्यावर कळतं. मला म्होरं बघत बसायचंय. एवढंच.

पर माझं नाव कुठं घेऊ नको. ह्यांची निवडणूक हाय.

सारजाकाकी

—

जळोची
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय काकी,

तुझं पत्र मिळालं. बिबीजानचाचींना माझा सलाम सांग. त्यांचं वाक्य ओळखू आलं.

तुझं नाव न घेता मी आज साहेबांना सांगितलं की एका बाईचा हात या बाकड्यापायी मोडला. त्यांनी विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर आहे?" मी म्हटलं, नवऱ्याच्या. ते म्हणाले, "मग नवऱ्याची तक्रार आण." मी म्हटलं, नवरा तक्रार करणार नाही. ते म्हणाले, "म्हणजे ग्राहक समाधानी आहे." मी आवाज चढवला. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले की मी ग्राहकांच्या फार जवळ गेलेय, अशानं निष्कर्ष बिघडतात. उद्याच मला पुण्याला परत बोलावलंय.

म्हणजे मेळाव्याला मी नसेन. तात्या म्हणतील ते कंपनी शब्दशः छापेल आणि बाकडं आणखी दहा वर्षं तिथेच राहील. मी तुझं नाव घेणार नाही, शब्द आहे. हात जप. जड उचलू नकोस.

तुझी,
रोहिणी

—

शेळगाव
२५ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणी,

तू मेळाव्याला न्हवतीस. बरं झालं का वाईट, ते मला अजून ठरवता येईना. काय घडलं ते दुसऱ्याकडनं ऐकण्यापरीस माझ्याकडनं ऐक. दुसरे मीठमसाला लावत्यात, मी फक्त मीठ लावतो.

हॉल गच्च भरला हुता. मधोमध कोरी सुभेदार, झेंडूचा हार घालून, नवरीगत. मला फेटा बांधला. हातात माइक दिला. भाषणाआधी फोटो काढायचं ठरलं, 'सुभेदार परिवार' म्हणून. फोटोवाला म्हणला, "तात्या पुढं बसा, गोकुळभाऊ स्टेरिंगवर, आणि काकू मागं." तवा मला कळलं की तुझी काकी आलीया. मला म्हणली हुती, बिबीजानबरूबर बाजाराला चाललीय. गळ्यात हात बांधलेला, लग्नातला शालू नेसलेली.

फोटोवाल्यानं मागलं दार उघडून धरलं. ती चढंना. मला वाटलं हातामुळं जमंना. मी खुणेनं म्हणलं, चढ. ती कायतरी बोलली. आन हॉल गप झाला. हॉल गप झालेला मला ऐकू येत न्हाय, दिसतो.

मी म्हणलं, "काय म्हणती?"

ती परत बोलली.

मी म्हणलं, "आं?"

तवा ती सरळ चालत आली, माझ्या हातातला माइक डाव्या हातानं काढून घेतला आन म्हणली, "मागं न्हाय बसणार म्हणती मी! तितंच बसून हात मोडला माझा. मी वरडले, तुमाला ऐकू आलं न्हाय!"

रोहिणी, कर्णा बरोबर माझ्या डोक्यावर टांगलेला हुता. संसार झाला आमचा, पर तिचं एवढं साफ बोलणं मी कधी ऐकलं न्हवतं. फेट्यासकट घाम फुटला.

नागेशराव उभा राहून हसाय लागला. "घ्या! ह्यांना चेअरमन करा!" तर त्याच्या बायकूनं मागनं त्याचा सदरा वढला. "बसा खाली. माझं कपाळ कुठल्या बाकड्यावर फुटलं ते सांगू का?" तो असा बसला की खुर्ची हाललीच न्हाय. मग बाया सुटल्या. कुणाचा दात, कुणाचा चष्मा, कुणी म्हणली मला वकाऱ्या येत्यात, कुणी म्हणली सासू माझ्या मांडीवर येऊन पडती, एरवी जवळ येत न्हाय. माइक त्या हातातनं त्या हातात. मी उभाच. तुमचा मोठा साहेब घड्याळ बघत हुता.

शेवटी त्यानं इनवणी केली, "तात्या, ग्राहकांच्या वतीनं आपण दोन शब्द बोला." मी खिशातनं भाषण काढलं. वर लिहिलेलं, 'हाय तशी ठेवा.' म्होरं बघितलं तर सारजा. रागात न्हवती. नुसती बघत हुती, मी काय वाचतो म्हणून. कागद परत खिशात घातला. म्हणलं, "साहेब, बाकडं काढा."

साहेब म्हणला, "पण तात्या, आपले कार्यकर्ते? खपावर परिणाम होईल हो."

तवा माझ्यातला पुढारी जागा झाला. बायांचं दुखणं ह्याच्या टाळक्यात शिरणार न्हाय, हे मी वळखलं. कारण माझ्या बी शिरलं न्हवतं. मी म्हणलं, "साहेब, आडवा बसलेला माणूस शेरडागत दिसतो. सरळ बसलेला माणूस संचालक दिसतो. मागं दोन सरळ सीटा टाका, पट्टा लावा. तुमच्या एकेका गाडीत दोन-दोन संचालक वाढतील. आज तालुक्यात संचालक व्हायचं न्हाय असा एक माणूस दाखवा."

साहेबानं पेन काढलं! एवढ्या बाया बोलल्या तवर ते खिशातच हुतं.

घरी येताना काकी पुढं बसली. मी मधी बसलो, मतदारांच्या जागी. गोठ्याची पायरी बी खोटी, उंबरा बी खोटा, ते तुला कळलंच हुतं.

तात्या

—

पुणे
२० एप्रिल २०२५

ती. तात्या,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. काकीला सांगा, इथे आमच्या विभागातल्या मुली तिचं नाव घेऊन चहा पितात.

आता कंपनीची बातमी. सुभेदार बदलायचं ठरलं! अहवाल आला. त्यात लिहिलंय, 'मागील आसनांबाबत ग्राहकांमध्ये प्रतिष्ठेची तीव्र अपेक्षा आढळली.' हात, दात, कपाळ, चष्मा यांतला एक शब्द नाही. मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं की ही कल्पना त्यांना बारामतीच्या वाटेवर सुचली. नव्या सीटांना 'संचालक आसन' असं नाव दिलंय. पट्टाही मंजूर झाला, कारण छातीवर पट्टा असला की माणूस भारदस्त दिसतो, असं रूपाच्या साहेबांचं मत पडलं. चित्र मात्र माझंच आहे. मोजमापंही माझीच. म्हटलं, नाव काहीही द्या, माणूस फेकला गेला नाही म्हणजे झालं. नवी गाडी येणार दोन दिवाळ्यांनंतर.

पण तात्या, पुढचं ऐका. बातमी बाहेर फुटली आणि जुनी सुभेदार बंद होणार म्हणून लोकांनी रांगा लावल्या. 'शेवटची बाकडेवाली' म्हणून मागतात. तुमच्या नागेशरावांनीही एक सांगून ठेवलीय म्हणे, दसऱ्याला घेतलेली विकून. आता विक्रीचे साहेब परवाच्या बैठकीत म्हणाले, "खप तर वाढलाय. मग बदलायची घाई कशाला?" हिशेबाच्या साहेबांना ते पटलं. चहा आला. दोन दिवाळ्यांच्या तीन व्हायला लागल्यात, आणि माझं मंजूर चित्र कपाटात आहे.

गाडी बदलायची ती कधी, याचं उत्तर या लोकांना जाळी, रंग, खप सगळीकडे शोधायचंय. मला आता नोकरी सोडावीशी वाटते.

निवडणुकीचं काय झालं ते तुम्ही कळवलंच नाही.

तुमची,
रोहिणी

—

शेळगाव
१२ मे २०२५

चि. रोहिणी,
तात्याचा आशीर्वाद.

निवडणुकीचं कळवलं न्हाय, यातच समजायचं. पडलो. नागेशराव चेअरमन झाला. त्यानं गावभर सांगितलं, ज्याच्या गाडीत बायकू पडती त्याच्या संस्थेत दूध नासंल. त्याच्या बायकूचं कपाळ कुणाला आठवलं न्हाय. पर तुझी काकी म्हणती, बायांना मतं असती तर मी निवडून आलो असतो. दूध त्या काढत्यात, सभासद आमी. म्हणून आता वीस-पंचवीस जणींनी सभासद व्हायला अर्ज केलेत, तिनं आन ठमाबाईनं फिरून गोळा केले. चेअरमननं अर्ज ठेवून घेतलेत. तुमच्या कपाटात असतील तसेच.

आता काल काय झालं ते सांगतो.

गोकुळच्या मामेभनीचं इंदापूरला लग्न हुतं. सकाळी गाडी दारात आली. बघतो तर पुढं काकी बसलेली. हात आता मोकळा झालाय तिचा, थोडा वाकडा राहिलाय. मधल्या सीटवर बिबीजान, ठमाबाई आन गोकुळची आई. मी दाराशी उभा. मला वाटलं एखादी उठंल. कुणी उठलं न्हाय. काकी म्हणली, "मागं जागा हाय की."

मी म्हणलं, "मी?"

"मग काय, मला परत पाठवता?"

बसलो. पंचा मांडीवर घेतला, दांडी धरली. गल्ली संपायच्या आत टाळकं वर आपटलं. पयल्या गतिरोधकाला मी बाकड्यावरनं उठलो, दुसऱ्याला आहेराच्या भांड्यावर बसलो. गुडघा दारात, कंबर चाकावर. उलटीचं सांगत न्हाय, शालूवाल्या बाया मधी हुत्या म्हणून गिळली. दोनदा म्हणलं, "गोकुळ, सावकाश!" त्या म्होरं चौघी गप्पा मारत हुत्या, खिदळत हुत्या. तिसऱ्यांदा वरडलो. कुणी वळून बघितलं न्हाय. मुद्दाम न्हवतं ते. खरंच ऐकू गेलं न्हाय त्यांना.

इंदापूरला मांडवाम्होरं गाडी थांबली. यजमान धावत आला. पुढलं दार उघडून काकीला हात दिला, नारळ दिला, "या, या वैनी." मी मागल्या दारातनं वाकून उतरलो, तर एक वाढपी म्हणला, "भांडी तिकडं मागल्या बाजूला ठेवा." आन मी ठेवली, रोहिणी. तोंडातनं नाव सांगायचं बी सुचलं न्हाय.

काकी माझ्याकडं बघून हसली न्हाय. पाणी आणून दिलं. येताना म्हणली, "तुमी पुढं बसा, मी मधी बसती, ठमाबाईला मांडीवर घेऊ." मी म्हणलं, नको, तू पुढंच बस, मी मधी दाटीनं बसतो. मागलं बाकडं रिकामं आलं. आज सकाळी गोकुळला सांगून दोन्ही बाकडी काढली, गोठ्याजवळ टाकलीत. आता मागं डाळिंबाचे क्रेट जात्यात. कार्यकर्त्यांना बसायला जागा उरली न्हाय म्हणून ते बी यायचं थांबले. घरात चहाची साखर पुरायला लागलीय.

नोकरी सोडायचं नाव काढू नको. तू गेलीस की कपाटाची किल्ली बी जाईल.

तुमच्या साहेबांना गाडी कधी बदलावी ते कळत न्हाय ना? एक काम कर. नागेशरावाची कोरी बाकडेवाली आलीया, मी मागून घेतो, एवढ्यापुरतं आमचं बोलणं हाय. येत्या रईवारी तिघं बी साहेब शेळगावला पाठव. जेवण आमच्याकडं. काकी पुरणपोळी करती म्हणलीया, पोटभर वाढणार हाय, आग्रहानं. जेवण झालं की लगोलग तिघांना मागं बसवतो. गोकुळ चालवंल. शेळगाव ते इंदापूर.

तारीख ते आपल्या तोंडानं सांगतील.

तुझा,
तात्या